एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घेऊन सिबिल सुधारायचंय, पैसे कुठे कुठे कापले जातात?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. २०२४ च्या ऑगस्टअखेर वडोद्यात विश्वामित्रीचं पाणी चढलं तेव्हा आमच्या झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानातही शिरलं. दोन मशिनं गेली, कागदाच्या रिमांचा लगदा झाला. विमा मशिनांचा होता, मालाचा नव्हता. धंद्याच्या कर्जाचे हप्ते थकले आणि शेवटी बँकेशी सेटलमेंट करून, म्हणजे काही रक्कम सोडून घेऊन, प्रकरण मिटवलं. आता दुकान रुळावर आलंय, शाळा-कॉलेजांचं गिऱ्हाईक परत येतंय. पण नव्या मशिनसाठी कर्ज विचारायला जाईन तिथे उत्तर एकच: सिबिल, म्हणजे परतफेडीचा स्कोअर, बसत नाही.

आता एका बँकेच्या शाखेतल्या मुलाने सुचवलंय की २५ हजारांची एफडी करा, त्यावर २० हजारांच्या मर्यादेचं क्रेडिट कार्ड लगेच मिळेल, वापरत राहा, सिबिल आपोआप वर जाईल. वार्षिक शुल्क शून्य. शुल्कांचा कागद मागितला तर म्हणाला, सगळं ॲपवर आहे. ॲपवर मला तरी फक्त ऑफर दिसल्या.

वार्षिक शुल्क नाही तर मग पैसे कुठे लागतात? एफडी बँकेकडे अडकलेली असताना कार्डाने आणखी नुकसान होऊ शकतं का? बायको म्हणते, एकदा पोळलोय, आता विचारून करा. म्हणून विचारतोय.

निवृत्त_बँकवाला

मांजलपूरकर, दुकान पुन्हा सुरू झालं हे वाचून बरं वाटलं. त्या पुरात सयाजीगंज, फतेगंजच्या किती जणांची वर्षांची कमाई वाहून गेली, मी डोळ्यांनी पाहिलंय.

सवडीने लिहितो, कारण या कार्डाबद्दल शाखेत पुरतं कुणी सांगत नाही. वार्षिक शुल्क हा सगळ्यात लहान खर्च. मोठा खर्च व्याजाचा, आणि ते कसं लागतं हे कार्ड वापरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

उदाहरण घ्या. बिलाची तारीख २०, पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १०. तुम्ही ५ जूनला घरासाठी १५,००० रुपयांचा फ्रिज घेतलात. २० जूनला १५,००० चं बिल आलं. १० जुलैला तुमच्याकडे १४,००० होते, ते भरले. मनात म्हणालात, हजारच राहिलेत, पुढच्या महिन्यात बघू. आपला अंदाज असतो की व्याज हजारावर लागेल. तसं होत नाही. व्याज लागतं पूर्ण १५,००० वर, ५ जूनपासून १० जुलैपर्यंत, म्हणजे ३५ दिवसांचं. दर महिन्याला साडेतीन टक्के असेल तर वर्षाला ४२ टक्के. ते झाले ६०४ रुपये. उरलेल्या हजारावर २० जुलैच्या बिलापर्यंतचे साडेअकरा रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण सव्वासातशेच्या आसपास. हजार रुपये मागे ठेवण्याची ही किंमत.

आणखी एक. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे जुलैत घेतलेलं किराणा-दूध, सगळ्यावर घेतल्या दिवसापासून व्याज. पूर्ण बिल भरेपर्यंत हे चालू राहतं.

आता ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलापैकी निदान भरावीच लागणारी रक्कम. बिलाच्या बहुधा पाच टक्के. १५,००० वर ७५०. तेवढे भरले तर लेट फी लागत नाही आणि सिबिलला थकबाकी जात नाही, एवढं खरं. पण उरलेल्या १४,२५० वर महिन्याचं व्याज आणि जीएसटी मिळून जवळजवळ ५९० होतात. भरलेल्या ७५० पैकी मुद्दलात गेले दीडशे-एकशेसाठ. असं किती वर्षं चालेल ते तुम्हीच ताडा.

आणि जी गोष्ट मला सगळ्यात खुपते ती ही, की एफडीवर बँक तुम्हाला सहा-सात टक्के देते आणि त्याच एफडीच्या आधारावर दिलेल्या पैशावर चाळीसच्या वर घेते. बँकेला जोखीम नाही, तारण तिच्या हातात आहे. काही बँका तारणाच्या कार्डाला दर कमी ठेवतात, म्हणून आधी दर विचारा, मग एफडी करा. उलट्या क्रमाने जाऊ नका.

कोठीवाली

निवृत्तकाका, हे फ्रिजचं उदाहरण मी शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना पाठवलं. आमच्यातल्या निम्म्या जणी ‘मिनिमम’ भरून निश्चिंत असतात.

मांजलपूरकर, माझ्याकडे असंच कार्ड आहे, त्यामुळे वार्षिक शुल्काबद्दल सांगते. ‘शून्य’ म्हणजे किती वर्षं शून्य, ते लेखी घ्या. काही कार्डांवर पहिलं वर्ष फुकट आणि दुसऱ्यापासून ४९९ अधिक जीएसटी, म्हणजे ५८९. अमुक इतका खर्च केला तरच माफ. वीस हजारांच्या मर्यादेत तो खर्च पुरा करायला जाल तर नको ते घेत बसाल. आणि कार्ड कपाटात पडून असलं तरी ते शुल्क बिलात येतं. बिल कोण बघतं? मग त्या ५८९ साठी लेट फी आणि सिबिलवर थकबाकीची नोंद. सुधारायला घेतलेलं कार्ड तेवढ्यावरूनच बिघडवतं.

गोत्री_रोड

माझं सरळ मत, कार्ड घेऊच नका. रोखीत धंदा करा. आमच्या वडिलांनी मांडवीत उभं आयुष्य दुकान चालवलं, कार्ड बघितलं नाही. पंचवीस हजार अडकवून पुन्हा कर्जाच्या चक्रात कशाला जायचं?

मांजलपूरकर

गोत्रीभाई, मला पटतं. पण नवीन मशीन साडेतीन लाखांच्या वर जातं आणि ते रोखीने घ्यायचं तर आणखी दोन वर्षं जुन्या मशिनवर काढावी लागतील. परीक्षांच्या दिवसांत ते बंद पडतं आणि पोरं शेजारच्या दुकानात जातात. कर्ज लागणारच आहे. म्हणून सिबिल लागणार आहे.

निवृत्त_बँकवाला

गोत्री_रोड, तुमच्या वडिलांच्या काळात शाखेचा मॅनेजर दुकानदाराला ओळखायचा. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बरोडा स्थापन केली ती याच गावात, आणि इथल्या पेढ्यांना बँकेची सवय लागली ती माणसं माणसांना ओळखत होती म्हणून. आज अर्ज टाकला की आधी स्कोअर बघतात. ३०० ते ९०० मधला तो आकडा खाली असेल तर तुमचं दुकान कुणी बघायलाही येत नाही. त्यामुळे सेटलमेंट झालेल्या माणसाला नवीन, नियमित परतफेड दाखवावीच लागते. तारणाचं कार्ड त्यासाठी वाईट नाही. त्याच्या खर्चाची बाजू कळायला हवी, एवढंच.

एक मात्र सांगतो. रोख रकमेची नड असेल तर कार्डावरून एटीएममधून पैसे अजिबात काढू नका. रोख काढण्याचं शुल्क वेगळं, साधारण अडीच टक्के आणि किमान तीनशे-पाचशे रुपये. व्याज त्याच दिवसापासून, बिनव्याजी मुदत नाहीच. त्यापेक्षा एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता उचल, घ्या. एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, बस्स. फक्त जी एफडी कार्डाला तारण दिली तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळत नाही, बँकेचं लियन, म्हणजे तारणाचा हक्क, आधीच लागलेलं असतं. म्हणून सगळी शिल्लक एकाच एफडीत घालून कार्डाला बांधू नका.

एडिसनहून

मी मूळची दांडिया बाजारची, आता न्यू जर्सीत. इकडे या प्रकाराचा मोठा बाजार आहे, म्हणून लिहिते. इथे नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींचा क्रेडिट इतिहास शून्य असतो, त्यामुळे त्यांनाही हीच कार्डं घ्यावी लागतात.

दोन प्रकार असतात. एकात डिपॉझिट ठेवायचं, ते कार्ड नीट बंद केलं की परत मिळतं. दुसऱ्यात डिपॉझिट नाही, ‘खराब क्रेडिटवाल्यांचं स्वागत’ म्हणतात, आणि शुल्कांनीच सोलतात. २००९ च्या कार्ड कायद्याने पहिल्या वर्षाचं शुल्क मर्यादेच्या २५ टक्क्यांपर्यंत बांधलंय. मग कंपन्या काय करतात? ३०० डॉलरची मर्यादा देतात आणि ७५ डॉलर वार्षिक शुल्क पहिल्याच बिलात टाकतात. हातात उरतात २२५. एक डॉलर खर्च न करता पाव मर्यादा वापरलेली दिसते. खातं उघडण्याच्या आधी घेतलेलं ‘प्रोसेसिंग शुल्क’ त्या २५ टक्क्यांत मोजत नाहीत, म्हणून तेही वरून. दुसरं वर्ष लागलं की दर महिन्याचं ‘मेंटेनन्स’ सुरू. मर्यादा वाढवून देण्याचेही पैसे. व्याज बहुधा ३० टक्क्यांच्या वर.

माझ्या भाच्याला मी सांगितलं होतं, ज्यात पैसे डिपॉझिट म्हणून जातात ते घे, शुल्क म्हणून जातात ते घेऊ नकोस. आणि कार्ड परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही ब्युरोंना कळवतं का ते आधी विचार. एक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन. कळवत नसेल तर वर्षभर वेळेवर भरूनही स्कोअर हलायचा नाही.

मकरपुरा_जीआयडीसी

इकडेही तसलंच काहीसं होतं. मध्ये काही ॲपवाले कार्डासारखं दिसणारं प्रीपेड देत आणि त्यात उधारीची रक्कम भरत. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने उधारीच्या पैशाने असली प्रीपेड कार्डं भरण्याला मनाई केली. आमच्या फॅक्टरीतल्या कित्येक पोरांची कार्डं एका रात्रीत बंद पडली. मांजलपूरकर, तुमचं कार्ड बँकेचंच क्रेडिट कार्ड आहे ना, एवढं बघून घ्या.

निवृत्त_बँकवाला

एडिसनच्या ताईंनी मर्यादेचा मुद्दा काढला तो आपल्याकडेही लागू आहे. मर्यादा लहान असली की प्रत्येक रुपया जास्त दिसतो. स्कोअर काढताना मर्यादेच्या किती टक्के वापर झाला हे धरतात, आणि तीस टक्क्यांच्या आत राहावं असा आम्हा बँकवाल्यांचा ठोकताळा. वीस हजारांचे तीस टक्के म्हणजे सहा हजार. तुमच्या घरचं महिन्याचं किराणा आणि वीजबिल धरलं तरी त्याच्या वर जाईल. आणि एखादी वस्तू ईएमआयवर घेतलीत की तेवढी मर्यादा हप्ते फिटेपर्यंत अडकून राहते.

यावर उपाय सोपा आहे. बिल निघायच्या आधीच पैसे भरून टाका. म्हणजे बिलात बाकी कमी दिसते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ब्युरोकडे निदान पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, आधी महिन्याला जायची. त्यामुळे चांगली वागणूक लवकर दिसते, चूकही लवकर दिसते.

सुरसागर

शाखेतल्या मुलाचं ‘आपोआप वर जाईल’ मला खटकलं. आपोआप काही होत नाही. आणि आणखी एक गैरसमज मी खूप ऐकतो, की एफडी आहे म्हणजे पैसे चुकले तरी सिबिलला धक्का लागणार नाही, बँक एफडीतून घेईल. घेईल, अगदी घेईल. पण त्याआधी थकबाकी म्हणून कळवेल, लेट फी लावेल, व्याज लावेल, मग एफडी मोडेल, आणि मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजदरही कापेल. एफडी ही बँकेची सुरक्षा आहे. तुमच्या स्कोअरची नाही.

मांजलपूरकर

सुरसागर, हे नेमकं मला विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं. धन्यवाद.

मंडळी, आज पुन्हा शाखेत गेलो. ‘एमआयटीसी’ (कार्डाच्या महत्त्वाच्या अटींचा कागद) हा शब्द वापरला तसा मुलाने प्रिंट काढून दिला. बारीक अक्षरांत आहे, पण आपलं दुकानच झेरॉक्सचं, मोठा करून घेतला. त्यातलं जसंच्या तसं लिहितो:

जॉइनिंग शून्य. वार्षिक पहिलं वर्ष शून्य, पुढे ४९९, वर्षाला ५० हजार खर्च केल्यास माफ. व्याज महिना ३.५ टक्के. रोख काढणे २.५ टक्के, किमान ५००. लेट फी बाकीनुसार टप्प्याटप्प्याने. ऑटो डेबिट परत गेल्यास २ टक्के, किमान ५००. मर्यादेबाहेर गेल्यास २.५ टक्के, किमान ५००. भाडं भरल्यास १ टक्का. वॉलेटमध्ये पैसे टाकल्यास १ टक्का. परदेशी चलन ३.५ टक्के. शाखेत रोखीने बिल भरल्यास १००. रिवॉर्ड पॉइंट वटवताना ९९. कार्ड हरवल्यास १००. सगळ्यावर जीएसटी वेगळा.

कोठीवाली ताई, तुमचं ४९९ बरोबर निघालं. मुलाला ‘पहिलंच वर्ष शून्य’ दाखवलं तर म्हणाला, पुढचं पुढे बघू.

कोठीवाली

५० हजार म्हणजे महिन्याला चार हजारांच्या वर. तुमचं किराणा आणि वीजबिल त्यावर टाकलं तर माफ होईल, वेगळं काही घ्यायची गरज नाही. फक्त भाडं, वॉलेट, इंधन हे त्या ५० हजारांत धरतात का ते विचारा. माझ्या कार्डात धरत नाहीत.

ऑटो डेबिटची ओळ जपून. मी लावून ठेवलंय, पण खात्यात पैसे कमी पडले तर एकाच महिन्यात तीन मार बसतात: कार्डाचं परतीचं शुल्क, बचत खात्याच्या बँकेचं परतीचं शुल्क, आणि लेट फी. आणि ऑटो डेबिट लावताना ‘पूर्ण रक्कम’ की ‘मिनिमम’ हा पर्याय असतो. माझ्या फॉर्मवर आधीच ‘मिनिमम’वर खूण होती. खोडून ‘पूर्ण’ केलं.

मकरपुरा_जीआयडीसी

रुपे कार्ड असेल तर यूपीआयला जोडता येतं. सोय चांगली, पण सेवउसळीपासून पार्किंगपर्यंत सगळं कार्डावर जातं आणि बिल आलं की आकडा बघून धक्का बसतो. मी यूपीआयवर रोजची मर्यादा घातलीय.

आणि हो, दुकानाचा माल या कार्डावर घेऊ नका. वैयक्तिक कार्डाच्या अटींत धंद्याची खरेदी चालणार नाही असं बऱ्याच बँकांनी लिहिलेलं असतं. आमच्या एका सप्लायरचं कार्ड त्याच कारणाने गोठवलं होतं.

फतेगंज_वासी

मला अशा कार्डासोबत ‘कार्ड सुरक्षा योजना’ फोनवरून गळ्यात मारली होती. बाई भराभर बोलत होत्या, मी दर वेळी ‘हं, हं’ म्हणत होतो. पुढच्या बिलात दीड हजार. ईमेल केला की माझी स्पष्ट संमती दाखवा. दाखवता आली नाही, पैसे परत आले.

निवृत्त_बँकवाला

फतेगंज, अगदी योग्य केलंत. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे कार्डांबद्दलचे निर्देश ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण ते ठाऊक असलेला ग्राहक विरळा. मांजलपूरकर, त्यातले तुमच्या कामाचे सांगतो.

भरायची तारीख चुकली तरी तीन दिवस उलटून गेल्याशिवाय बँकेला लेट फी लावता येत नाही आणि ब्युरोला थकबाकी कळवता येत नाही. लेट फीही तारखेनंतर उरलेल्या बाकीवरच, पूर्ण बिलावर नाही. पण ही सवलत दंडाची आहे, व्याजाची आहे असं धरून चालू नका. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यांच्यावर व्याज चढवता येत नाही. शुल्क बदलायचं तर महिनाभर आधी कळवावं लागतं. डिफॉल्टर म्हणून नोंद करण्याआधी सात दिवसांची नोटीस. न मागता कार्ड दिलं आणि त्याचं बिल लावलं तर ते रद्द करून वर दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला. आणि बाकी शून्य असताना कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर पुढे दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे.

व्याजाच्या दरावर मात्र वरची मर्यादा नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांच्या वरचा दर अनुचित ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. म्हणून ४२ टक्के बघून ‘हे बेकायदेशीर असणार’ असं समजू नका. ते तुमच्या सहीने लागू होतं.

बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

वाघोडिया_रोड

एवढं सगळं कशाला? रावपुऱ्यात एक जण आहे, आठ हजारांत सिबिल क्लीन करून देतो. ‘सेटल्ड’ शेरा काढून टाकतो म्हणे. नंबर हवा असेल तर सांगा.

सुरसागर

वाघोडियाभाई, कृपया कुणाला नंबर देऊ नका. ब्युरोला स्वतःहून नोंद बदलता येत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेने दुरुस्ती पाठवली तरच बदलते. खरी नोंद असेल तर जगातला कुणीही ती काढू शकत नाही. आणि चुकीची असेल तर तक्रार आपल्याला फुकटात करता येते. हे लोक आपलाच ओटीपी घेऊन आपल्याच नावाने तक्रार टाकतात आणि आठ हजार खिशात घालतात. वर पॅन, आधार त्यांच्याकडे जातं ते वेगळंच.

चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत निकाली काढायची असते. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. पैसे द्यायचे कुणाला आणि मिळायचे कुणाला, ते बघा.

वाघोडिया_रोड

हे माहीत नव्हतं. माझ्या मेहुण्याने आगाऊ चार हजार दिलेत. आजच त्याला फोन करतो.

निवृत्त_बँकवाला

पासवर्ड आधी बदलायला सांगा, पैशांचं नंतर.

मांजलपूरकर, आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. कार्ड घेण्याआधी चारही ब्युरोंचे अहवाल काढा: सिबिल, एक्सपिरियन, एक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकाने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे. त्यात तुमचं जुनं कर्ज कसं दाखवलंय ते बघा. ‘सेटल्ड’ आहे की अजून ‘राइट ऑफ’, म्हणजे बुडीत खात्यात टाकलेलं, आहे? बाकी रक्कम शून्य दाखवतात का? सेटलमेंट होऊनही थकबाकी तशीच दिसत असल्याची प्रकरणं मी कित्येक बघितली आहेत. तसं असेल तर वर्षभर कार्ड वापरून जेवढं मिळेल त्याहून जास्त त्या एका दुरुस्तीने मिळेल.

आणि दुसरी गोष्ट. सेटलमेंटमध्ये बँकेने किती रक्कम सोडली होती? ती परवडण्यासारखी असेल तर बँकेला पत्र द्या की सोडलेली रक्कम भरायला तयार आहे, खातं ‘क्लोज्ड’ करून नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, द्या. आधी लेखी संमती, मग पैसे. एफडीसाठी बाजूला काढलेले २५ हजार तिथे जास्त उपयोगी पडू शकतात. ‘सेटल्ड’ शेरा असला की कर्ज अधिकारी स्कोअर न बघताच फाइल बाजूला ठेवतो. मी स्वतः त्या खुर्चीवर बसलोय.

मांजलपूरकर

काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. सेटलमेंटच्या पत्रात बघितलं. बँकेने सोडलेली रक्कम ४१ हजार आहे. एकदम नाही जमणार, पण दिवाळीच्या आसपास वह्या-कॅलेंडरांचा सीझन चांगला गेला तर जमेल.

सिबिलचा अहवाल काढला. खातं ‘सेटल्ड’ आहे, बाकी शून्य आहे. पण क्रिफच्या अहवालात तेच खातं अजून थकीत दिसतंय. तिथे तक्रार टाकली, सोबत सेटलमेंटचं पत्र जोडलं.

आता विचार असा आहे की २५ ऐवजी १५ हजारांची एफडी करून कार्ड घ्यायचं, त्यावर फक्त वीजबिल आणि गॅस. ऑटो डेबिट पूर्ण रकमेचं. बाकीचे दहा हजार त्या ४१ साठी बाजूला. वर्षाअखेर वार्षिक शुल्क माफ होत नसेल तर बंद.

एडिसनहून

छान विचार. फक्त कार्ड घेतल्यावर मर्यादा वाढवायला किंवा दुसरं कार्ड घ्यायला कुणी फोन केला तर घाईने हो म्हणू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दिसते.

कोठीवाली

दहा-बारा हजारांच्या मर्यादेत ५० हजारांची अट वीज आणि गॅसने पुरी होणार नाही. ५८९ रुपये वर्षाचा खर्च म्हणून धरून चाला. कार्डाने काम केलं तर ते जड नाहीत. अट पुरी करण्यासाठी खरेदी करू नका, एवढंच.

मांजलपूरकर

ताई, धरले. शेवटचा प्रश्न. कार्ड बंद केल्यावर एफडी लगेच मोकळी होते का? मुलगा म्हणाला होते.

निवृत्त_बँकवाला

लगेच म्हणजे त्याच दिवशी नाही. कार्डाचा विभाग वेगळा, ठेवींचा वेगळा. कार्ड बंद करायच्या आधी त्यावरचे ऑटो पेमेंट काढा, वीजबिल दुसरीकडे वळवा आणि शेवटचं बिल येऊ द्या. बिलानंतरही थोडं व्याज किंवा जीएसटी लागून पुढच्या महिन्यात पंधरा-वीस रुपये निघतात, ते राहिले तर खातं बंद होत नाही. बाकी शून्य झाली की ईमेलने बंद करायला सांगा, फोनवर नको. बंद झाल्याचं उत्तर आलं की ते जोडून शाखेत लियन काढण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. लियन निघाल्याचं एफडीच्या पावतीवर किंवा ॲपवर दिसेपर्यंत एफडीची मुदत आपोआप वाढेल अशी सूचना देऊ नका, नाहीतर नव्या मुदतीसकट पुन्हा अडकते. महिनाभराने सिबिलचा अहवाल काढून कार्डासमोर ‘क्लोज्ड’ आलंय का बघा.

क्रिफचं उत्तर आलं की इथे टाका. तीस दिवसांत नाही आलं तर भरपाईचा अर्ज कसा लिहायचा ते मी मसुदा करून देतो.